लायडरने ढग आणि हवेतले कण मोजताना: ठाणे-नवी मुंबईच्या गच्चीवर करायची कामं, क्रमाने

सिलोमीटर (ढगाच्या पायाची उंची काढणारा साधा लायडर) किंवा छोटा लायडर (आकाशात लेझर सोडून परतणारा प्रकाश मोजणारं यंत्र) गच्चीवर बसवला, चालू केला, की तासाभरात पडद्यावर उंची आणि वेळेचं सुंदर रंगीत चित्र उमटतं. त्यातला लाल पट्टा ढगाचा आहे, धुराचा आहे, काचेवरच्या पाण्याचा आहे की चुकलेल्या वजाबाकीचा, हे मात्र चित्र स्वतःहून सांगत नाही. लायडर ढग मोजत नाही. वर सोडलेल्या प्रकाशातले किती फोटॉन किती वेळाने परत आले, एवढंच तो मोजतो. त्या मोजणीपासून ‘ढगाचा पाया ७०० मीटरवर’ या वाक्यापर्यंत यायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि पर्यावरण सल्लागारांकडे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात. बहुतेकींचं मूळ एकच असतं: सेटिंग मध्य अक्षांशातल्या थंड, कोरड्या आकाशासाठी केलेल्या असतात आणि त्या तशाच उचलल्या जातात. आपल्या डोक्यावर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो, चार महिने हवा पाण्याने भरलेली असते आणि उंच सिरस ढग (बर्फकणांचे पातळ ढग) १६ किलोमीटरपर्यंत जातात. ते गृहीत धरूनच सुरुवात करायची.

१. जागा आणि परवानगी

गच्ची निवडताना फक्त वरचं आकाश मोकळं आहे का हे बघून चालत नाही, पुढच्या दोन वर्षांचा विचार करा. घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरमध्ये शेजारच्या भूखंडावर टॉवर उभा राहत असेल, तर त्याच्या क्रेनचा हात किरणाच्या वाटेत येईल. पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, डिश, सोलर पॅनेल यांच्यापासून लांब राहा. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा उपकरणाच्या काचेवर येता कामा नये.

लेझरचा वर्ग उपकरणावरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तो वाचा. सिलोमीटर बहुधा ‘वर्ग १एम’चे असतात. उघड्या डोळ्याला ते सुरक्षित, पण त्या झोतात दुर्बिणीतून पाहणं धोक्याचं. ९१० किंवा १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे ‘काही दिसत नाही म्हणजे बंद असेल’ हा समज मनातून काढून टाका. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा, शक्तिशाली लेझर असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. सांताक्रूझला उतरणारी-उडणारी विमानं ठाणे आणि नवी मुंबईवरून जातात, आणि आता उलव्याजवळचा विमानतळही आहे. डोळ्याला सुरक्षित नसलेला लेझर विमान वाहतूक यंत्रणेच्या लेखी परवानगीशिवाय आकाशात सोडायचा नाही. चाचणीसाठी पाच मिनिटंही नाही.

*सावधान:* किरण आडवा धरून समोरच्या डोंगरावर किंवा इमारतीवर ‘अंतर तपासायचं’ धाडस करू नका. येऊरच्या किंवा पारसिकच्या डोंगराच्या दिशेला आज कुठेही वस्ती नाही असं समजणं चूक आहे.

२. कल देणं: शून्य सावलीचा प्रश्न

ही पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते आणि तिचं नुकसान भरून निघत नाही. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १६ मे आणि २७ जुलैच्या आसपास दुपारी सूर्य अगदी माथ्यावर असतो. बरोबर उभ्या लायडरचा टेलिस्कोप त्या वेळी सूर्याकडेच रोखलेला असतो आणि भिंगातून एकवटलेलं ऊन थेट डिटेक्टरवर पडतं. जुलैत ढग असतात म्हणून सुटका होईल यावर भिस्त ठेवू नका. मे महिन्यात तर आकाश उघडंच असतं.

उपाय सोपा आहे: उपकरण उत्तरेकडे कलतं बसवा. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो, पण २१ जूनलासुद्धा तो फार तर ४.२ अंशच उत्तरेला जातो. उरलेलं वर्षभर तो दक्षिणेला. म्हणजे ५ अंशांचा कल दिला तर जूनमध्ये सूर्य जवळजवळ किरणाच्या रेषेत येतो. १२ अंश कल दिला तर सर्वांत वाईट दिवशीही जवळपास ८ अंशांचं अंतर राहतं. अनेक सिलोमीटरच्या स्टँडमध्ये अशा कलाची सोय असते.

उत्तर दिशा फोनच्या होकायंत्राने ठरवू नका. स्लॅबमधल्या सळ्या आणि लोखंडी टाकी त्याला भुलवतात. डिसेंबर-जानेवारीत साडेबाराच्या पुढेमागे सरळ उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड होते, ती रेषा खरी उत्तर दाखवते. तोवर थांबणं शक्य नसेल तर नकाशावरच्या सरळ रस्त्याशी किंवा इमारतीच्या कडेशी जुळवून घ्या.

कल दिला की मोजलेलं अंतर म्हणजे उंची राहत नाही. १२ अंशांसाठी अंतराला ०.९७८ ने गुणा. ५ किलोमीटरला सुमारे ११० मीटरचा फरक पडतो, १५ किलोमीटरला सव्वातीनशे मीटरहून जास्त. काही उपकरणं कलमापक वाचून हा गुणाकार स्वतः करतात, काही करत नाहीत, आणि काहींच्या एका फाइलमध्ये केलेला असतो तर दुसरीत नसतो.

*तपासा:* मॅन्युअलमध्ये ‘रेंज’ आणि ‘हाइट’ हे दोन शब्द शोधा. फाइलमधला स्तंभ यातला कोणता आहे हे वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. काच, थंडावा आणि घड्याळ

पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू तापमान (ज्याहून थंड पृष्ठभागावर हवेतलं पाणी धरतं) २५ अंशांच्या आसपास असतं. उपकरण एसी खोलीत ठेवून छताच्या काचेतून वर बघायची व्यवस्था असेल आणि एसी २२ वर लावला असेल, तर काचेच्या बाहेरच्या बाजूला पाणी धरणारच. पडद्यावर ते ‘दाट धुकं’ म्हणून दिसतं: सगळ्या उंचीवरचा सिग्नल एकदम पडलेला आणि जमिनीलगत भडक पट्टा. एसी २७-२८ वर आणा किंवा काचेला ब्लोअर लावा. सिलोमीटरचा स्वतःचा ब्लोअर असतो. तो चालतोय का हे हात लावून बघा, फक्त पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका.

कोरड्या महिन्यांत काचेची कहाणी वेगळी. खाडीकडून येणारा खारा वारा, तुर्भे-महापेच्या बाजूची धूळ आणि बांधकामाची सिमेंटची पूड मिळून काचेवर एक पातळ, किंचित चिकट थर बसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात काचेकडे बाजूने पाहिलं तर तो दुधाळ दिसतो, सरळ वरून पाहिलं तर काच स्वच्छच वाटते. कोरड्या फडक्याने पुसलं तर हीच पूड काचेवर बारीक ओरखडे पाडते. आधी शुद्ध पाणी ओतून माती वाहू द्या, मग मऊ, न धागे सुटणाऱ्या कापडाने हलकेच टिपा. दिवाळीनंतर ते मेअखेरपर्यंत हे दर आठवड्याला करायचं. कबुतरं आणि कावळे असतील तर रोज नजर टाका.

घड्याळाची चूक छोटी वाटते, पण ती महिन्याभराचं काम वाया घालवते. उपकरण बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, म्हणजे त्याची नवी फाइल आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होते. एका तारखेच्या फाइलमध्ये आपल्या दोन तारखा असतात. घड्याळ नेटवरच्या वेळेशी जुळवा, फाइल बदलू नका, आणि साडेपाच तास फक्त चित्र काढताना मिळवा. उपकरण, संगणक आणि राउटर तिन्ही यूपीएसवर असू द्या. वीज गेल्यावर घड्याळ मागे पडून चालू झालेली उपकरणं मी बरीच पाहिली आहेत.

४. कोऱ्या नोंदी

खऱ्या नोंदी सुरू करण्याआधी उपकरणाचा स्वतःचा गोंगाट मोजून ठेवा. दोन नोंदी लागतात. पहिली लेझर बंद, टेलिस्कोप पूर्ण झाकलेला. दुसरी लेझर चालू, पण बाहेरचा प्रकाश आत येणार नाही अशी. दुसरी नोंद सांगते की लेझर सुटताना होणारा विजेचा धक्का आणि डिटेक्टरमध्ये मागाहून रेंगाळणारे खोटे फोटॉन किती आहेत. प्रत्येक नोंद किमान अर्धा तास घ्या, दर महिन्याला घ्या, आणि पाऊस सुरू झाला की व संपला की वेगळी घ्या, कारण डिटेक्टरचा गोंगाट तापमानाबरोबर बदलतो.

*सावधान:* लेझर आणि टेलिस्कोप एकाच भिंगातून काम करत असतील तर चकचकीत झाकण ठेवून लेझर चालू करू नका. परावर्तित झोत सरळ डिटेक्टरवर जातो. काळा, निस्तेज पृष्ठभाग वापरा आणि मॅन्युअलमधली पद्धत अक्षरशः पाळा.

५. दुरुस्त्या, याच क्रमाने

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

अ) डेड टाइम. फोटॉन मोजणारा डिटेक्टर एक फोटॉन मोजल्यावर क्षणभर आंधळा असतो. हा काळ २० नॅनोसेकंद असेल आणि मोजणी सेकंदाला १ कोटी आली, तर खरी संख्या १ कोटीला ०.८ ने भागून येते, म्हणजे सव्वा कोटी. ही दुरुस्ती एकूण मोजणीवर अवलंबून असते, दिवसाच्या उजेडासकट. म्हणून ती कुठल्याही वजाबाकीच्या आधीच करावी लागते. आधी उजेड वजा करून मग डेड टाइम लावला तर दुपारचे आणि रात्रीचे आकडे आपसात कधीच जुळत नाहीत, आणि लोक त्याला ‘दुपारी प्रदूषण कमी होतं’ असं नाव देतात.

आ) कोऱ्या नोंदीची वजाबाकी. चौथ्या पायरीतली नोंद इथे वापरायची. लेझरची ताकद त्या दिवशी वेगळी असेल तर त्या प्रमाणात.

इ) आकाशाच्या उजेडाची वजाबाकी. खूप उंचावरून परत येणारा सिग्नल शून्यच असणार असं धरून तिथली सरासरी सगळ्या उंचीवरून वजा करतात. १२ ते १५ किलोमीटरचा पट्टा घेणं ही उसनी घेतलेली सवय. आपल्याकडे तपस्तब्धी (ढग आणि हवामान घडतं त्या खालच्या थराची वरची हद्द) १६-१७ किलोमीटरवर असते आणि सिरस ढग तिथवर पोचतात. त्या पट्ट्यात सिरस असला की तुम्ही ढगच वजा करता आणि बाकी सगळी नोंद खाली ओढली जाते. उपकरण देत असेल तर २० किलोमीटरच्या वरचा भाग घ्या, किंवा लेझर सुटण्याआधीच्या क्षणांची मोजणी घ्या. उपकरणाची नोंदच १५ किलोमीटरला संपत असेल तर सिरसचे दिवस हाताने वेगळे काढा.

ई) शून्याची जागा. प्रकाश जाऊन-येऊन १०० नॅनोसेकंदांत १५ मीटरचं अंतर मोजून देतो, म्हणून बहुतेक उपकरणांचा एकेक कप्पा १५ मीटरचा किंवा त्याच्या पटीतला असतो. लेझर नेमका कोणत्या कप्प्यात सुटतो हे एका कप्प्याने चुकलं तर ६ किलोमीटरवर अर्ध्या टक्क्याची चूक होते, पण १५० मीटरवर ती २१ टक्के होते. म्हणजे ज्या थरात आपण श्वास घेतो, नेमका तोच बिघडतो.

उ) ओव्हरलॅप. जवळच्या अंतरावर लेझरचा झोत टेलिस्कोपच्या नजरेत पूर्ण आलेला नसतो. काही उपकरणांत हा भाग काहीशे मीटरचा, काहींत किलोमीटरच्या आसपास. कंपनीने दिलेली दुरुस्ती लावा, पण ज्या उंचीखाली ती दुपटीपेक्षा मोठी होते तिथले आकडे अहवालात देऊ नका. ‘जमिनीजवळ हवा स्वच्छ, १५० मीटरच्या वर प्रदूषण’ असा निष्कर्ष दिसला की आधी हीच दुरुस्ती तपासायची.

ऊ) अंतराच्या वर्गाने गुणाकार. हा शेवटी. आधीच्या वजाबाकीत राहिलेली कणभर चूक इथे १ किलोमीटरच्या तुलनेत १० किलोमीटरवर शंभरपट फुगते.

*तपासा:* निरभ्र रात्रीची तासाभराची सरासरी काढा आणि वापरता येईल तेवढ्या वरच्या भागाकडे बघा. रेषा शून्याभोवती दोन्ही बाजूंना सारखी थरथरली पाहिजे. ती हळूहळू वर चढत किंवा खाली घसरत असेल तर इ-मध्ये परत जा. चित्राचे रंग बदलून ही चूक झाकता येते, आणि बरेच जण तेच करतात. तसं करू नका.

६. ढगाचा पाया

ढगांसाठी सरासरीचा मोह टाळा. अर्ध्या तासाची सरासरी घेतली की सुटे ढग पसरून एक धूसर थर होतो. १५ ते ३० सेकंदांच्या कच्च्या नोंदीवरच पाया शोधा.

ढगात सिग्नल एकदम चढतो आणि लगेच जोरात कोसळतो, कारण थेंब पुढचा प्रकाशच अडवतात. धुराच्या किंवा धुळीच्या थरात तो चढतो, पण मागे सिग्नल टिकून राहतो. केवळ ‘अमुक आकड्याच्या वर गेला म्हणजे ढग’ असा नियम लावला तर जानेवारीच्या पहाटेचा दाट धूर ढग ठरतो. चढ आणि उतार दोन्ही बघा.

ढगाचा माथा मात्र मागू नका. प्रकाशीय जाडी (थर प्रकाश किती अडवतो याचं माप) ३ च्या आसपास गेली की झोत संपतो. पावसाळी ढगात सिग्नल जिथे संपला ती जागा तुमच्या लेझरच्या ताकदीची मर्यादा आहे. ढग त्याच्या वर कित्येक किलोमीटर असू शकतो, आणि त्या वेळी ‘वर काही नाही’ असं लिहिणं खोटं ठरतं. पाऊस पडत असताना पायाचा आकडाही सोडून द्या, कारण थेंब जमिनीपर्यंत सिग्नल देत असतात.

ध्रुवीकरण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) मोजणारं उपकरण असेल तर गोल थेंब आणि वेडेवाकडे बर्फकण वेगळे करता येतात. पण दाट पाणढगात प्रकाश अनेकदा उसळतो आणि पायापासून वर जाताना विध्रुवीकरणाचा (ती दिशा विस्कटल्याचा) आकडा आपोआप वाढतो. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी ५ ते ५.५ किलोमीटरवर असते. त्याच्या बऱ्याच खाली ‘बर्फ’ सापडला तर तो बर्फ नव्हे.

७. कॅलिब्रेशन

उपकरणाच्या मोजणीला एखाद्या माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून घेणं म्हणजे कॅलिब्रेशन. त्यासाठी दोन वाटा आहेत. कोणती घ्यायची हे तरंगलांबी ठरवते.

५३२ नॅनोमीटर असेल तर हवेच्या रेणूंचा आधार घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारीतली निरभ्र रात्र निवडा आणि काही तासांची सरासरी घ्या. हवामान खात्याचा सांताक्रूझचा फुगा पहाटे साडेपाचचा तापमान आणि दाबाचा आलेख देतो, त्यावरून रेणूंचा अपेक्षित सिग्नल काढा. ६ ते ९ किलोमीटरच्या पट्ट्यात मोजलेला आणि अपेक्षित सिग्नल यांचं गुणोत्तर आडवं, सपाट यायला हवं. कललेलं आलं तर तिथे कण आहेत किंवा वजाबाकी चुकली आहे. एप्रिल-मेमध्ये धूळ ४-५ किलोमीटरपर्यंत चढते, तेव्हा हे काम टाळाच.

९१० किंवा १०६४ वर ही वाट अवघड होते. रेणूंकडून येणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतो. १०६४ वर तो ५३२ च्या सोळाव्या हिश्श्याइतकाच उरतो. इथे आपला पावसाळा कामी येतो. झोत पूर्ण अडवणाऱ्या, रिमझिम न पडणाऱ्या पाणढगात कॅलिब्रेट केलेल्या बॅकस्कॅटरची (सरळ मागे उसळलेल्या प्रकाशाची) पायापासून वरपर्यंतची बेरीज ठरावीक येते: थेंबांचं लायडर गुणोत्तर (अडवलेला प्रकाश भागिले मागे उसळलेला) १८.८ धरलं तर १ भागिले ३७.६, म्हणजे ०.०२६६. तुमची बेरीज ०.०२० आली तर सगळे आकडे १.३३ ने गुणायचे. प्रकाश ढगात अनेकदा उसळतो त्याची सुधारणा यात वेगळी धरावी लागते, तिचा तक्ता उपकरणाच्या झोताच्या रुंदीवरून ठरतो. ढग १ ते २ किलोमीटरवरचे निवडा. ४०० मीटरवरचे ढग ओव्हरलॅपच्या कक्षेत येतात.

*सावधान:* ९१० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याची वाफ प्रकाश शोषते. आपल्या दमट हवेत हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. फुग्याच्या आर्द्रतेवरून शोषण काढून घ्या, नाहीतर जुलैचे आणि जानेवारीचे आकडे एका आलेखात ठेवू नका.

८. कणांचा हिशोब

आधी ढग असलेल्या नोंदी काढून टाका, मग १० ते ३० मिनिटांची सरासरी घ्या. उलटा क्रम केला तर एक सुटा ढग पूर्ण अर्धा तास बिघडवतो.

बॅकस्कॅटरवरून कणांनी अडवलेला प्रकाश काढायला फर्नाल्डची पद्धत वापरतात. वरच्या स्वच्छ संदर्भ उंचीपासून खाली या. खालून वर गेलात तर छोटी चूक वाढत वाढत आकडे उधळतात. या पद्धतीला लायडर गुणोत्तर आधी सांगावं लागतं, आणि एकाच तरंगलांबीचा साधा लायडर ते स्वतः मोजू शकत नाही. समुद्रावरच्या मीठकणांसाठी ते २० ते २५, शहरी धुरासाठी ५० ते ७०. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर दुपारी पश्चिमेचा वारा सुरू झाला की हे मिश्रण तासाभरात बदलतं. म्हणून एकच आकडा देऊन मोकळं होऊ नका. ३०, ५० आणि ७० अशा तिन्हींवर हिशोब करा आणि अहवालात तिन्ही रेषा दाखवा. हातात धरायचा सन फोटोमीटर (सूर्यप्रकाश हवेत किती अडला ते मोजणारं उपकरण) असेल तर त्याची एकूण प्रकाशीय जाडी घेऊन कोणतं गुणोत्तर जुळतं ते ठरवा. माझ्या मते लायडरच्या आधी फोटोमीटर घ्यावा, इतका तो उपयोगी आहे.

पीएम २.५ शी थेट तुलना ही शेवटची मोठी चूक. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि त्याच वजनाचे कण कितीतरी जास्त प्रकाश परत पाठवतात. जमिनीवरची यंत्रं हवा बहुधा सुकवून मोजतात. त्यामुळे पहाटे लायडरचा आकडा वाढला आणि ऐरोली किंवा नेरुळच्या केंद्राचा वाढला नाही, तर दोघंही बरोबर असू शकतात. तुलना करायचीच असेल तर आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असलेल्या दुपारी निवडा.

९. पडताळणी आणि नोंदवही

विमानतळाच्या दर अर्ध्या तासाच्या हवामान संदेशात ढगाची उंची फुटांत असते. ०.३०४८ ने गुणा, विमानतळाची आणि तुमच्या गच्चीची उंची लक्षात घ्या, आणि तुलना करा. ठाणे आणि सांताक्रूझ यांच्यात अंतर आहे, म्हणून एकेका नोंदीपेक्षा दिवसभराचा कल जुळतो का ते बघा. उपग्रहांपैकी अर्थकेअरचा ३५५ नॅनोमीटरचा लायडर २०२४ पासून वर आहे. त्याचा मार्ग तुमच्या डोक्यावरून क्वचितच जाईल, पण सिरसच्या उंचीसाठी तो चांगला साक्षीदार आहे.

वहीत रोज लिहायच्या गोष्टी: काच कधी पुसली, एसी कितीवर होता, लेझरची ताकद, वीज कधी गेली, आसपास कचरा जाळला का, फटाके वाजले का, शेजारच्या बांधकामावर त्या दिवशी खोदकाम होतं का. कच्च्या फाइली कधीही पुसू नका. दुरुस्त केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्या नावात कोणती कोरी नोंद आणि कोणता कॅलिब्रेशनचा आकडा वापरला हे लिहा. पुढच्या वर्षी कोणी नवा विद्यार्थी ओव्हरलॅपची सुधारित दुरुस्ती घेऊन आला, तर त्याला पाचव्या पायरीपासून सगळं पुन्हा चालवता आलं पाहिजे.